एक गादी, दोन दिवाण: बडोदा, १८७३ ते १८८२

बडोद्यात काही चांगलं दिसलं की ते सयाजीरावांनी केलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. कॉलेज त्यांचं, कमाटीबाग त्यांची, आजव्याच्या तलावाचं पाणी त्यांचं. आणि विश्वामित्री नदी चढली, ऑगस्ट २०२४ मध्ये चढली तशी, की रावपुऱ्यापासून फतेगंजपर्यंत एकच वाक्य फिरतं: "महाराज असते तर ही वेळ आली नसती."

महाराजांबद्दल आदर मलाही आहे, पण तारखा जरा अडचणीच्या आहेत. कमाटीबाग १८७९ ची. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झालं. सयाजीरावांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी. बाग झाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि इलियटसाहेबांच्या हाताखाली धडे गिरवत होते. राज्य चालवत होते दिवाण सर टी. माधवराव.

हे प्रकरण माधवरावांचं आहे. पण त्यांच्या एकट्याचं नाही. त्यांच्या आधी काही महिने त्याच जागेवर बसून हात टेकून निघून गेलेले दिवाण होते दादाभाई नवरोजी. होय, तेच दादाभाई. दोघेही बुद्धिमान, दोघांच्याही सचोटीबद्दल शंका नाही. संस्थान तेच, रयत तीच, कचेरीतले कारकूनही बहुतेक तेच. एकाचा कारभार जानेवारी १८७५ मध्ये आटोपला, दुसऱ्याचा मे १८७५ मध्ये सुरू झाला. एक अपयशी ठरला, दुसऱ्याचं नाव हिंदुस्थानभर झालं. वरचा माणूस बदलल्याने किती फरक पडतो हे पाहायला इतकी आयती जोडी क्वचितच मिळते. माझं म्हणणं असं, की फरक पडला तो आधी खुर्चीमुळे आणि मग माणसामुळे. आणि हा क्रम आपण नेहमी उलटा सांगतो.

बिघाड किती जुना

खंडेराव गायकवाड १८५६ ते १८७० गादीवर होते. खर्चिक, हौशी आणि लोकांना आवडणारे. मकरपुऱ्याचा राजवाडा त्यांचा, मोत्यांचा गालिचा त्यांचा, 'स्टार ऑफ द साउथ' हा प्रसिद्ध हिराही त्यांनीच घेतला. एवढा पैसा आला कुठून? त्याचं एक उत्तर अमेरिकेत आहे. १८६१ ते १८६५ तिथे यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळायला लागला, त्याबरोबर साराही चढला. लढाई संपली, भाव कोसळले. सारा मात्र चढला तिथेच राहिला. भाव उतरला म्हणून सारा उतरवणारं सरकार तेव्हा मिळणं कठीण होतं. आजही फार सोपं नाही.

नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले. मुलगा नव्हता, पण राणी जमनाबाई गरोदर होत्या. धाकटे भाऊ मल्हारराव हे भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून पादरा गावात कैदेत होते. त्यांना सोडवून गादीवर बसवलं ते या अटीवर, की जमनाबाईंना मुलगा झाला तर गादी त्याची. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली. पुढच्या चार वर्षांत बडोद्यात जे घडलं ते मुलगा झाला असता तर घडलं नसतं, किंवा निदान असं घडलं नसतं. नेतृत्वावरच्या पुस्तकांत या बाळंतपणासाठी रकाना नसतो.

सातएक वर्षं कोंडून ठेवलेला माणूस एका रात्रीत धनी झाला. त्याने पहिल्यांदा भावाच्या माणसांवर सूड उगवला. खंडेरावांचे कारभारी तुरुंगात गेले, वतनं जप्त झाली, सरदार-शिलेदारांच्या नेमणुका कापल्या गेल्या. सोन्याच्या तोफा ओतल्या त्या याच काळात. नजरबाग राजवाडाही याच काळातला. तो आता पाडला गेला आहे. पण रयतेचं कंबरडं मोडलं ते तोफांनी नाही. ते मोडलं इजारा आणि नजराणा या दोन गोष्टींनी, आणि त्या कशा चालत हे जरा जवळून पाहायला हवं.

महालाचा, म्हणजे तालुक्याचा, वसूल इजाऱ्याने दिला जाई. म्हणजे अमुक वर्षं या महालाचा सारा मी गोळा करीन, सरकारात इतके रुपये भरीन, अशी बोली लागे. बोली जिंकणारा इजारदार सावकाराकडून कर्ज काढून रक्कम भरी, आणि ती व्याजासह मुदतीच्या आत परत काढायची म्हणून गावागावांतून वसूल करी. मुदत संपल्यावर ती जमीन पडीक पडली काय नि कुणबी परगणा सोडून गेला काय, त्याला सोयरसुतक नसे. त्यात नजराणा. जागा मिळवायची तर वर नजराणा. मिळालेली टिकवायची तर पुन्हा नजराणा. निकाल आपल्या बाजूने हवा तरी नजराणा. महालाच्या अंमलदाराने, म्हणजे वहिवाटदाराने, वर भरलेला पैसा तो खालून काढणार, हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही. त्यामुळे लाच घेतली म्हणून खालच्या माणसाला शिक्षा करायची सोयच राहिली नव्हती. त्याने ती जागा सरकारकडूनच विकत घेतलेली होती.

या दोन्ही चाली मल्हाररावांनी काढलेल्या नाहीत. त्यांच्या आधीपासून त्या होत्या. त्यांनी त्या पार टोकाला नेल्या, तेही भाव उतरलेल्या आणि रयत आधीच पिचलेल्या काळात. खंडेराव आणि मल्हारराव यांच्या लौकिकातला किती फरक स्वभावाचा आणि किती कापसाच्या भावाचा, हा हिशेब कुणी नीट मांडलेला मी पाहिला नाही.

दादाभाईंची खुर्ची

मार्च १८७३ मध्ये कर्नल फेअर हा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणून आला. प्रामाणिक, तापट आणि आपणच बरोबर याबद्दल कधीही शंका न येणारा माणूस. मल्हाररावांविरुद्ध तक्रारींचे ढीग त्याने मुंबईला पाठवायला सुरुवात केली. त्यांची चौकशी करायला नोव्हेंबर १८७३ मध्ये कर्नल मीड यांचं कमिशन बसलं. तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या निघाल्या. जुलै १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना बजावलं: ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा, नाहीतर गादीचा विचार करावा लागेल.

मल्हाररावांनी दिवाणगिरीसाठी निवडले दादाभाई. एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक, मग लंडनमध्ये व्यापारी, हिंदुस्थानची गाऱ्हाणी विलायतेत मांडणारा माणूस. सोबत त्यांनी तिघे विश्वासाचे आणले. काझी शहाबुद्दीन महसुलाला, बाळ मंगेश वागळे न्यायाला, होरमसजी वाडिया फौजदारीला. नावं पाहून वाटतं, आता बडोदं मार्गी लागणार.

लागलं नाही. का, हे समजायला दिवाणाच्या हातात काय होतं ते पाहू. खजिन्याची किल्ली मल्हाररावांकडे होती. ज्यांच्यामुळे कारभार नासला ते खुशमस्करेही त्यांच्याच पंखाखाली. दिवाण नवा आणला, पण जुन्यांना दरबारातून खरोखर दूर करायला महाराज तयार नव्हते. आणि दिवाणाचा हुकूम ज्याला आवडला नाही तो सरळ कॅम्पात, म्हणजे इंग्रजांच्या छावणीत, रेसिडेन्सीवर जाई. तिथे फेअरचं दार उघडं होतं. त्याला दादाभाईंची नेमणूक मुळापासून नापसंत होती आणि ते त्याने लपवलंही नाही. थोडक्यात, कुठलाही हुकूम शेवटचा नव्हता. दरबारात वाट पाहणाऱ्यांनी ओळखलं, की हा दिवाण फार दिवसांचा सोबती नाही. अशा दिवाणाची कामं कारकूनसुद्धा सावकाश करतो.

याच्याही वर आणखी एक घोळ होता. बडोद्याचा रेसिडेंट तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली काम करी, आणि अंतिम शब्द कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारचा. फेअरला मुंबईचा पाठिंबा. कलकत्त्याला मात्र त्याच्या उतावळेपणाची चिंता वाटायला लागली होती. एकाच संस्थानाबद्दल दोन सरकारांची दोन मतं, आणि त्या दोघांच्या मधोमध दादाभाई. त्यांना एका बाजूने राजाला आवरायचं होतं आणि दुसऱ्या बाजूने रेसिडेंटला, आणि दोघांपैकी एकालाही आवरण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कारभार सुधारायला वेळ मिळावा तर आधी यातून सुटका हवी. म्हणून २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांच्या नावाने व्हाइसरॉयना खलिता गेला, की हा रेसिडेंट बदला. शब्दरचना दादाभाईंची. मागणी कलकत्त्याला पटणारीच होती.

मग ९ नोव्हेंबर उजाडला. फेअर सकाळचा फेरफटका मारून परतला. पपनसाचं सरबत नेहमीच्या जागी ठेवलेलं होतं. त्याने दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही म्हणून बाकीचं बाहेर फेकून दिलं, आणि पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, मुंबईलाही पाठवला. सोमल आणि हिऱ्याची पूड, असा निष्कर्ष निघाला. ज्या माणसाची बदली आठवड्याभरापूर्वीच मागितली आहे, आणि ती मिळण्याची चिन्हं आहेत, त्याला विष कोण घालील? आणि महाराजांच्या आसपासच्या मूर्खांपैकी कुणी घातलं नसेल, अशी खात्री तरी कोण देईल? दीडशे वर्षं हा वाद चालू आहे. मी त्यात पडत नाही.

नोव्हेंबरअखेर फेअरच्या जागी सर लुईस पेली यांची नेमणूक झाली. म्हणजे दादाभाईंनी जे मागितलं होतं ते मिळालं. पण तोवर दरबाराची सगळी हवा बदलली होती. कारभार सुधारण्याची गोष्ट मागे पडली, आता विषाचा तपास सुरू होता. महाराज आपल्या माणसांबाबत मागे हटायला तयार नव्हते. दादाभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले, आणि जानेवारी १८७५ मध्ये, मल्हाररावांना अटक होण्याच्या सुमारास, दादाभाई मोकळे झाले.

खटल्याची हकीकत थोडक्यात उरकतो, कारण ती पुष्कळांनी लिहिली आहे. सहा जणांचं कमिशन. तीन इंग्रज: कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, तेच मीड, आणि मेलव्हिल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांतर्फे विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, तिघा हिंदी सभासदांनी मानला नाही. अखेर सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गैरकारभारासाठी पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. गैरकारभार सुधारायला दिलेली मुदत संपायला तेव्हा आठ महिने बाकी होते.

जाता जाता एक गंमत. जयाजीराव आणि दिनकरराव एकाच बाकावर बसले होते. दिनकरराव १८५२ ते १८५९ ग्वाल्हेरचे दिवाण होते. त्यांनी शिंद्यांचा कारभार रुळावर आणला, सत्तावन्नच्या धामधुमीत दरबार सांभाळला. आणि महाराज थोडे स्थिरावल्यावर दिवाणाला जावं लागलं. बडोद्याच्या दिवाणाला राजा काम करू देत नव्हता की नाही, हे ठरवायला त्याहून जाणकार जोडी मिळाली नसती.

माधवरावांची खुर्ची

तंजावरच्या मराठी घराण्यातले माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले. १८५८ ते १८७२ ते त्रावणकोरचे दिवाण होते, मग १८७३ पासून इंदूरला तुकोजीराव होळकरांकडे. तिथून हिंदुस्थान सरकारने त्यांना बडोद्याला मागून घेतलं. मे १८७५ मध्ये ते आले.

ते येण्यापूर्वी आणि आल्या-आल्याच काय काय होऊन गेलं, ते बघा. मल्हारराव मद्रासला होते. पुण्याहून परत आलेल्या जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा २७ मे रोजी दत्तक घेतला, तेच सयाजीराव. म्हणजे दिवाणाचा हात धरू शकेल असा राजाच निदान सहा-सात वर्षं नव्हता. बडोदं मुंबई सरकारच्या हातून काढून थेट हिंदुस्थान सरकारखाली आणलं गेलं, म्हणजे वरचे दोन मालक जाऊन एक उरला. रेसिडेंटऐवजी आता गव्हर्नर जनरलचा एजंट. आधी मीड यांनी आणि मग मेलव्हिल यांनी ते काम पाहिलं, म्हणजे कमिशनवर बसून मल्हाररावांना दोषी ठरवणारेच दोघे. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो. एका राजाला गादीवरून काढल्याबद्दल पुण्या-मुंबईत सरकारवर टीकेची झोड उठली होती. ती खोडून काढायची तर बडोदं सुधारलेलं दिसायलाच हवं होतं. दादाभाईंचं अपयश हा कॅम्पातल्या साहेबाचा विजय ठरला असता. माधवरावांचं अपयश ही त्याच साहेबाची फजिती ठरली असती. त्यामुळे ज्या दारातून पूर्वी दिवाणाच्या हुकमावर पाणी पडे, त्याच दारातून आता त्याला पाठबळ मिळू लागलं.

खजिना, राजा, रेसिडेंट. दादाभाईंना ज्या तीन गोष्टी नडल्या, त्या तिन्ही माधवराव स्टेशनवर उतरण्यापूर्वीच निकालात निघाल्या होत्या. यात त्यांचं कर्तृत्व शून्य. हे म्हटलं की आमच्या वाचक मंडळातले जुने बडोदेकर नाराज होतात. "मग माणसाला किंमतच नाही म्हणा की!"

आहे. अल्पवयीन राजाच्या नावाने इंग्रजांच्या देखरेखीखाली चाललेली संस्थानं तेव्हा पुष्कळ होती. सगळ्यांचं बडोदं झालं नाही. मोकळी खुर्ची मिळाल्यावर माणूस तिचं काय करतो, तिथून त्याची पारख सुरू होते.

माधवरावांनी काय केलं याची यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल. इजारे बंद झाले, सारा हलका झाला, नजराणे थांबले. कडी, बडोदे, नवसारी, अमरेली असे प्रांत, प्रत्येकावर सुभा, त्याखाली महालात वहिवाटदार. वर वरिष्ठ कोर्ट, तिथे जनार्दन सखाराम गाडगीळ यांच्यासारखा न्यायाधीश. नोकरांना रोकड पगार, वेळेवर. यातलं वेळेवर पगार हे सगळ्यात रटाळ कलम आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. ज्या वहिवाटदाराला जागेसाठी पैसे मोजावे लागले नाहीत आणि महिना संपला की पगार हातात पडतो, त्याला लाच घेतल्याबद्दल शिक्षा करता येते. मघाशी म्हटलेली गाठ सुटते ती इथे.

पण माधवराव मला खरे दिसतात ते त्यांनी जे केलं नाही त्यात. बडोद्यात सरदार, शिलेदार, पागा, शिबंदी यांचा मोठा पसारा होता. पिढ्यान्‌पिढ्या नेमणुका खाणारी मराठा घराणी, ज्यांच्या फौजेचा आता काही उपयोग उरला नव्हता. जमाखर्चाकडे पाहणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा तिथेच कात्री लावावीशी वाटली असती. मल्हाररावांनी तेच केलं होतं आणि अर्धा दरबार अंगावर घेतला होता. माधवरावांनी घाई केली नाही. अन्यायाने बंद झालेलं परत दिलं, थकबाकी भागवली, आणि खर्च हळूहळू उतरू दिला. पेढीवाल्या सावकारांच्या देण्यांच्या बाबतीतही धोरण तेच: दावे तपासायचे, तडजोड करायची, पण सरकारने शब्द फिरवला असं बाजारात कुणाला म्हणू द्यायचं नाही. या मवाळपणामुळे खर्च वाढला, अशी टीका करता येते. पण त्यामुळेच राजा पदच्युत झालेल्या, दत्तक मुलगा गादीवर असलेल्या शहरात नव्या कारभाराविरुद्ध एकजूट झाली नाही. एवढा अधिकार हाती असताना तो पुरता न वापरणं, हा माणसाचा गुण झाला. खुर्ची ते शिकवत नाही.

दुसरा गुण अनुभवाचा. चौदा वर्षं त्रावणकोर चालवलेल्या माणसाला कुठल्या कागदावर सही करायची आणि कुठला कागद महिनाभर पडू द्यायचा, हे कळत होतं. दादाभाईंना ते कळायला संधीच मिळाली नव्हती. त्यांनी तोवर एखादा महालही चालवला नव्हता. त्यामुळे दोघांच्या फक्त खुर्च्याच वेगळ्या होत्या असं म्हणून दादाभाईंना पूर्ण सोडवता येणार नाही. मला वाटतं, १८७४ च्या बडोद्यात माधवरावही टिकले नसते, पण त्यांना ते बहुधा आधी कळलं असतं आणि त्यांनी येण्याचंच नाकारलं असतं.

हा नुसता तर्क नाही. त्यांच्याच आयुष्यात तीन दरबार आहेत. त्रावणकोरमध्ये महाराजांचं पाठबळ होतं तोवर कारभाराची वाहवा झाली. महाराजांशी बिनसलं आणि १८७२ मध्ये जावं लागलं. इंदूरला तुकोजीराव दुसरे स्वतःच हिशेबाला पक्के. स्वतःची कापडगिरणी काढणारा, रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देणारा राजा दिवाणाला कितीशी मोकळीक देणार? माधवरावांच्या इंदूरच्या दोन वर्षांची आठवण आज इंदूरकरही फारशी काढत नाहीत. तेच डोकं, तीच हातोटी. बडोद्यात त्यांचं सोनं झालं कारण बडोद्यात राजा शाळकरी होता. आणि तो मोठा झाला, डिसेंबर १८८१ मध्ये कारभार त्याच्या हाती आला, त्याच्या पुढच्याच वर्षी माधवराव बडोद्यातून गेले. इंग्रजांशी त्यांनी जरा जास्तच जुळवून घेतलं, हा त्यांच्यावरचा आक्षेप. तो खराही असेल. त्यांच्या खुर्चीचे पाय कॅम्पात रोवलेले होते.

आणि मग दुष्काळ

सयाजीरावांबद्दल एवढं बोलून त्यांच्या काळाकडे न पाहणं बरोबर नाही. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केला. कारभार माधवरावांनी बसवलेला आणि राजा जातीने लक्ष घालणारा. याहून बरी जोडी देशी संस्थानांत शोधून सापडली नसती. अशा राज्यावर १८९९-१९०० चा छप्पनियो दुष्काळ आला. संवत १९५६ चा, म्हणून छप्पनियो. उत्तर गुजरातच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे राज्याची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांवर आली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस कमी. काही भुकेने गेले, काही पटकी-तापाने, काही परागंदा झाले. शेजारच्या इंग्रजी गुजरातेतही हाहाकार होता. पाऊस पडला नाही तेव्हा चांगलं राज्य आणि बरंवाईट राज्य यांच्यातलं अंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी निघालं. "महाराज असते तर" म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे दाखवतो. महाराज होते.

फरक दिसतो तो त्यानंतर. तिजोरी खाली, रयत निम्मी कर्जात, अशा अवस्थेत १९०६ मध्ये त्यांनी सक्तीचं मोफत शिक्षण साऱ्या राज्याला लागू केलं. त्या वेळी ते लांबणीवर टाकलं असतं तर कुणीही नाव ठेवलं नसतं. इथे सयाजीरावांच्या जागी दुसरा कुणी असता तर हे झालं नसतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन. पूर आणि दुष्काळाबद्दल म्हणणार नाही.

या प्रकरणात एक साक्षीदार असा आहे, ज्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. काझी शहाबुद्दीन. दादाभाईंनी १८७४ मध्ये महसुलाला आणलेले. इजाऱ्यांचा गुंता त्यांनी तेव्हा समोर पाहिला होता आणि हात लावू शकले नव्हते. दादाभाई गेले, वागळे गेले, वाडिया गेले. पुढे माधवरावांच्या कारभारात काझी शहाबुद्दीन पुन्हा बडोद्याच्या कामावर दिसतात. आणि माधवराव गेल्यावर सयाजीरावांनी दिवाण नेमला तोही दुसरा कुणी नाही, काझी शहाबुद्दीनच.